सात नंबरचं गाणं आणि सिद्रामप्पा

सिद्रामप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या अंगात माझा शर्ट होता.

मी मूळचा करकंबचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायला आलो आणि साखर पेठेत एका लाँड्रीच्या वरची खोली भाड्याने घेतली. आल्या आल्या दोन शर्ट खाली धुवायला टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणायला गेलो, तर काउंटरमागे एक काटकुळे गृहस्थ स्टुलावर ताठ बसलेले, समोरच्या फळीवर रेडिओ, आणि अंगात माझा निळ्या रेघांचा शर्ट. गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मी म्हणालो, "अहो, हा शर्ट..." त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "गुर्जी, बाई बोलतीया. जरा दम धरा."

मी दम धरला. रेडिओवर एक परदेशी बाई फार अदबशीर हिंदीत श्रोत्यांचा निरोप घेत होती. ती "नमस्कार" म्हणाली तेव्हा या गृहस्थांनी रेडिओला हात जोडले. मग शर्ट काढला, कोळशाच्या इस्त्रीला फुंकर घातली, शर्टावर पुन्हा इस्त्री फिरवली आणि घडी माझ्या हातात ठेवत म्हणाले, "खांद्यात ढिला हाय. शिंप्याला सांगा जरा." मला रागवायचं होतं, पण रागवायची जागा सापडेना.

पुढे कळलं की हा रोजचाच प्रकार होता. दिवसभर सिद्रामप्पा भोकं पडलेल्या बनियनवर असायचे. साऱ्या पेठेचे कपडे कडक करून देणाऱ्या या माणसाला स्वतःचा धड शर्ट नव्हता. पण संध्याकाळी त्या परदेशी स्टेशनचा अर्ध्या तासाचा हिंदी कार्यक्रम लागायच्या आत ते तयार घड्यांतून एक शर्ट निवडायचे आणि घालून बसायचे. कुणी हरकत घेतलीच तर म्हणायचे, "बाई येवड्या लांबनं आपल्याशी बोलाय येती. आपुन बनियनवर बसायचं व्हय?" आणि त्यावर पुढे, "हलवाई बी आपला पेढा चाखून बगतोय की." सणासुदीला ते बापूसाहेबांचा रेशमी झब्बा घालत. बापूसाहेब म्हणजे आमच्या भागाचे नगरसेवक. देह चांगला भरदार. त्यांच्या झब्ब्यात सिद्रामप्पा वाळत घातल्यासारखे दिसायचे.

कपड्यांवरून माणसं ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "माणसाचं त्वांड खोटं बोलतंय गुर्जी, कॉलर न्हाय बोलत," हे त्यांचं लाडकं वाक्य. माझी कॉलर पाहून पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "वर्गात पोरं लई दंगा करत्यात व्हय?" मान सारखी इकडे तिकडे वळवणाऱ्याची कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी मळते, असं त्यांचं निदान. ते बरोबर होतं, म्हणून मला ते आवडलं नाही. बापूसाहेबांबद्दल म्हणायचे, "त्येंना खळ लई लागती. खळ काडली तर मानूस चांगला निगंल."

लाँड्रीच्या दारावर दोन पाट्या होत्या. मोठी पाटी लाँड्रीची, तिच्यावरचे रंग उडालेले. लहान पाटी मात्र दर दिवाळीला रंगवलेली: 'विश्वबंधू श्रोता संघ, साखर पेठ, सोलापूर. अध्यक्ष सिद्रामप्पा.' हा संघ त्या परदेशी स्टेशनला पत्रं लिही, गाण्यांची फर्माईश पाठवी. संघाचे सभासद कोण, असं मी विचारलं तेव्हा सिद्रामप्पांनी लाँड्रीची वही पुढे सरकवली. "ज्येचा कपडा हितं, त्यो संघाचा." सभासद झाल्याचं सभासदाला माहीत असलं पाहिजे, हा माझा मुद्दा त्यांना शेवटपर्यंत पटला नाही.

प्रत्येक पत्रात पहिलं नाव असायचं कमळव्वांचं. कमळव्वा म्हणजे त्यांची बायको. मी सोलापुरात येण्याआधीच ती वारली होती. रेडिओवर आपलं नाव ऐकायची तिला भारी हौस. सिद्रामप्पा दर आठवड्याला पत्र टाकायचे, पण संसारी माणसाच्या संकोचाने आपलं आणि तिचं नाव शेवटी घालायचे. रेडिओवाली बाई चार-पाच नावं वाचायची आणि "और उनके सभी साथी" म्हणून मोकळी व्हायची. कमळव्वा अकरा वर्षं 'सभी साथी'त राहिली आणि तशीच गेली. "माजी चूक झाली गुर्जी," ते मला एकदा खळ ढवळता ढवळता म्हणाले. "लाजत बसलो. पैलं टाकाय पायजे हुतं." तेव्हापासून ते पहिलं टाकत होते. गंमत म्हणजे तेव्हापासून संघाचं एकही पत्र वाचलं गेलं नव्हतं.

त्या वर्षी स्टेशनने एक आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा भरवली. दहा देशांची दहा गाणी, आणि जगभरच्या श्रोत्यांनी पत्राने मतं द्यायची. गाणं वाजायच्या आधी बाई त्याचा अर्थ हिंदीत सांगत असे. पहिल्या सहा गाण्यांत प्रेम, चंद्र, पुन्हा प्रेम, एक होडी आणि दोनदा वसंत ऋतू होता. सिद्रामप्पा सभ्यपणे ऐकत होते. मग सातवं गाणं लागलं. एक म्हातारी गाते आहे. तिच्या घरासमोर विहीर होती. एक दिवस माणसं आली, जमिनीवर रेघ ओढली, आणि विहीर रेघेपलीकडच्या देशात गेली. म्हातारीकडे नुसता दोर उरला. ती रोज दोर घेऊन रेघेपर्यंत जाते आणि परत येते.

समोरच्या घराच्या उंबऱ्यावर नरसव्वा विड्या वळत बसली होती. ही तेलुगू बाई, कमळव्वाची जिवाभावाची मैत्रीण. सुपात पानं, तंबाखू आणि कातर घेऊन रोज त्या रेडिओच्या टप्प्यात बसायची. सोलापूर दुष्काळातून नुकतंच बाहेर आलं होतं. टँकरमागे धावलेल्या बायकांना विहिरीचा अर्थ हिंदीत सांगायची गरजच नव्हती. नरसव्वाची कातर थांबली. "अय्यो अन्ना," ती म्हणाली, "नुसता दोर घिऊन ती म्हातारी काय करंल ओ?" गाण्याचे शब्द आम्हाला कळत नव्हते, पण मधे म्हातारीचा आवाज पोहरा सोडल्यासारखा खाली खाली जायचा आणि रिकामाच वर यायचा. मी उगाच चष्मा पुसला.

"सात नंबर," सिद्रामप्पा म्हणाले. "गुर्जी, कागद घ्या."

लाँड्रीची वही उघडून त्यांनी मला नावं सांगायला सुरुवात केली. पहिली कमळव्वा, दुसरे स्वतः सिद्रामप्पा, तिसरा यल्लप्पा गवळी, चौथी लक्ष्मी. "ही लक्ष्मी कोण?" "यल्लप्पाची म्हस." दिवाळीच्या पाडव्याला मिरवणुकीत घालायची तिची झूल लाँड्रीत यायची, त्यामुळे वहीत तिचं स्वतंत्र पान होतं. नियम म्हणजे नियम. असं करत करत तीनशे बारा नावं झाली. चौदावं नाव बापूसाहेबांचं होतं. मी म्हणालो, "त्यांना विचारलंत का?" सिद्रामप्पा म्हणाले, "इचारायचं काय त्यात? सात कुडते हायेत त्येंचे." पत्र हवाई टपालाने गेलं, आणि त्याची नक्कल त्यांनी अभिमानाने लाँड्रीच्या भिंतीवर चिकटवली.

पंधरा दिवसांनी स्पर्धेत भांडण पेटलं. रेघेच्या पलीकडच्या देशाने तक्रार केली की हे गाणं नसून राजकारण आहे, विहीर पहिल्यापासून आमचीच होती, आणि सात नंबरला स्पर्धेतून हाकलल्याशिवाय आम्ही आमचं गाणं गाणार नाही. अलीकडचा देश म्हणाला, म्हातारीने रडू पण नये काय? दोन्ही देशांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांचं पुढे जमलं असं ऐकतो, आपण कशाला उकरून काढा. सिद्रामप्पा त्यांना शेताच्या तुकड्यांसारखं 'वरला' आणि 'खालला' म्हणत. म्हातारी वरल्या देशाची, विहीर गेली खालल्यात. "हिरीचं गानं हाय गुर्जी," ते म्हणाले. "आता ती हीर नेली कुनी म्हून इचारलं, की झालं राजकारन."

हे सगळं साखर पेठेला काहीच लागत नव्हतं. पण बापूसाहेबांच्या पक्षाचे एक थोर पुढारी कधीकाळी शिष्टमंडळातून खालल्या देशात जाऊन आले होते आणि येताना केसाळ टोपी घेऊन आले होते. तेव्हापासून खालला देश हा पक्षाचा मित्र. बापूसाहेबांनी पत्रक काढलं: 'मित्रदेशाच्या विहिरीकडे वाकड्या नजरेने पाहणारांचा निषेध.' आमच्या भागात त्यांचे कट्टर विरोधक म्हणजे एक वकीलसाहेब. बापूसाहेब खालल्या देशाचे झाले हे कळताच वकीलसाहेब त्याच दिवशी वरल्या देशाचे झाले. त्यांना तो देश कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण बापूसाहेब कुठे आहेत हे ठाऊक होतं.

वकीलसाहेबांच्या कार्यकर्त्यांनी खालल्या देशाच्या प्रमुखाचा पुतळा जाळायचं ठरवलं. त्या देशात पंतप्रधान आहे की राजा, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून पुतळ्याला कोटही घातला आणि नाटक मंडळीकडून मुकुटही आणला. कोट सिद्रामप्पांकडे पडून राहिलेल्या कपड्यांतला. कार्यकर्ते म्हणाले, जरा इस्त्री मारून द्या. सिद्रामप्पा थक्क झाले. "जाळायचा हाय न्हवं?" "व्हय, पन आधी फोटू निगनार हाय." त्यांनी इस्त्री मारून दिली, आणि वर पुतळ्याची कॉलर बघून मला हळूच म्हणाले, "ह्यो मानूस निर्दोष दिसतोय."

मग बापूसाहेबांनी चौकात सभा ठेवली आणि मला नकाशा घेऊन बोलावलं. भूगोलाच्या मास्तराला नाही म्हणता येत नाही. शाळेतला जगाचा नकाशा फार जुना, घडी घालून घालून मधे विरलेला. तो मी आणि शाळेच्या शिपायाने मागून दोन टोकांना धरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते दोन्ही देश जिथे असायला हवे होते तिथे भोक होतं. बापूसाहेब आवेशात वळले. "हाच तो आपला मित्रदेश!" असं म्हणून त्यांनी बोट टेकवलं, आणि नकाशामागे उभ्या असलेल्या मला अंगठीसकट त्यांचं अख्खं बोट दिसलं. टाळ्या पडल्या. बोट अडकलं होतं. ते सोडवण्याच्या खटाटोपात आणखी तीन देश फाटले.

बायकांच्या बाजूने नरसव्वा उठली. "बापूसाहेब, त्येंची हीर त्ये बगून घेतील ओ. आमचा नळ परवापास्नं कुटं गेलाय, त्ये दावा की त्या नकाशात!"

अख्खा चौक हसला. त्या हशाने सभा मोडली ती मोडलीच. बापूसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तणतणत ते कुडते न्यायला लाँड्रीत आले, आणि सिद्रामप्पा घड्या काढेपर्यंत भिंतीवरची यादी वाचत उभे राहिले. चौदाव्या नावाशी ते थांबले. वरल्या देशाच्या म्हातारीला मत देणारांत साक्षात आपण! आणि आपल्या आधी म्हैस!

"सिद्रामप्पा, हे काय आहे?"

"मतं हायेत, बापूसाहेब."

"मला न विचारता? आणि ही कमळव्वा? अहो, हिला मी स्वतः खांदा दिलाय!"

सिद्रामप्पा कुडत्यांना कागद गुंडाळत राहिले.

बापूसाहेबांनी आठ दिवसांत स्टेशनला तक्रार धाडली: सोलापूरची मतं बनावट, माणसांना विचारलेलं नाही, यादीतलं पहिलंच नाव मेलेल्या बाईचं. आणि एक दिवस लाँड्रीत परदेशी तिकिटाचं जाड पाकीट आलं. टाइप केलेलं हिंदी पत्र, खाली त्या रेडिओवाल्या बाईची सही. मी वाचून दाखवलं. सात नंबरवरून वाद चालू आहे, म्हणून प्रत्येक मत काटेकोर तपासलं जाणार. मत देणारी व्यक्ती हयात हवी, तिने गाणं ऐकलेलं हवं, आणि नावापुढे सही किंवा अंगठा हवा. एक नाव जरी खोटं निघालं तरी सगळी यादी रद्द. खरी निघाली, तर एका गावातून आलेली ही सगळ्यात मोठी यादी असल्याने शेवटच्या कार्यक्रमात ती पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली जाईल.

"संपूर्ण?" सिद्रामप्पांनी विचारलं. "सभी साथी न्हाय?"

"संपूर्ण."

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, इस्त्रीखाली धरून त्याची घडी मोडली आणि सरळ करून रेडिओखाली ठेवलं. पहिल्या नावाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. आधी बाकीचे तीनशे अकरा गोळा करायचे होते.

ते दिवस आठवले की मला अजून एकट्याला हसू येतं. लाँड्री दुपारची बंद. पुढे बनियनवर सिद्रामप्पा, मागे यादी उतरवलेली नवी वही आणि शाळेचं शाईचं पॅड घेऊन मी. गाणं ऐकलेलं हवं ही अट, आणि गाणं रेडिओवर लागून गेलेलं. म्हणून ज्याने ऐकलं नसेल त्याला सिद्रामप्पा स्वतः म्हणून दाखवायचे. त्यांचा आवाज ऐकून लोक दुसऱ्या ओळीलाच सही करत. शेवटी नरसव्वाने ते आपल्या हाती घेतलं. चालीवर तिने स्वतःचे तेलुगू शब्द घातले, विड्या वळणाऱ्या बायकांनी ते उचलले, आणि त्या म्हातारीच्या देशाला कधी कळलं नसेल, पण तिचं गाणं सोलापुरात घराघरातून चाललं होतं. वकीलसाहेबांनी सही करताना "हरकत राखून" असं खाली लिहिलं. कशाला हरकत, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

लक्ष्मीला आम्ही गोठ्यात जाऊन गाणं ऐकवलं. ती रवंथ करत शांतपणे ऐकत राहिली. मग यल्लप्पाने तिचा पाय उचलला आणि सिद्रामप्पांनी खुराला पॅड लावून कागदावर ठसा घेतला. अर्धं पान निळं झालं. मी कुरकुरलो, "म्हशीचं मत धरतील का?" त्यांनी पत्रातल्या अटी बोटांवर मोजल्या. "हयात हाय. गानं आयकलं. अंगठा दिला. आनि काय पायजे?" हे बोलून त्यांनी घाईघाईने पॅड मिटलं. माझ्याही लक्षात आलं. म्हैस नियमात बसत होती, कमळव्वा बसत नव्हती.

बापूसाहेबांच्या घरी जायला माझं मन धजेना. सिद्रामप्पा म्हणाले, "फाडून खातील व्हय?" बापूसाहेब पडवीत बसले होते, त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण त्यांची आई आतून बाहेर आली. मंगळवेढ्याकडची, नव्वारीचा पदर डोक्यावरून, पाठीत वाकलेली. "कसलं गानं म्हनायचं त्ये?" तिने विचारलं. सिद्रामप्पांनी गायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी घाईने अर्थ सांगितला: रेघ, विहीर, दोर.

म्हातारी खाली बसली. "आगं बाई. ही तर माजीच हीर की. वाटन्या झाल्या, हीर थोरल्या जावंकडं ग्येली. लगीन हून आल्यापास्नं म्या शेंदलेली. दोर तेवडा मला दिला." मग तिने अंगठा पुढे केला. "कुटं लावू?"

"आई, ते राजकारण आहे!" बापूसाहेब ओरडले.

"मंग आसूं दे की. तुजा नळ तरी काय हाय?"

बापूसाहेबांची खळ तिथल्या तिथे उतरली. त्यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली, चौदाव्या नंबरवरचं आपलं नाव खोडलं आणि तिथे आईचं नाव आपल्या अक्षरात लिहिलं. आईचा अंगठाही त्यांनीच धरून उमटवला. निरोप देताना सिद्रामप्पांना म्हणाले, "पहिल्या नावाचं बघा. मी आता परत तक्रार करणार नाही. पण ते लोक तपासतील."

यादी परत धाडायची मुदत संपायला दोन दिवस उरले. लाँड्रीत बैठक बसली. वकीलसाहेब म्हणाले, प्रतिज्ञापत्र करू. सिद्रामप्पांनी विचारलं, "त्यात काय लिवायचं? ती जित्ती हाय म्हून?" वकीलसाहेब चष्म्याच्या काचा पुसायला लागले. नरसव्वा म्हणाली, "अन्ना, तिच्या नावाम्होरं माजा अंगठा लावते. अंगठ्यावर काय नाव लिवलेलं आसतंय व्हय? कमळा काय मला न्हाय म्हनली नसती." ती खरोखर पॅडवर अंगठा टेकवायला निघाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मास्तर, मी शहाणा. मी म्हणालो, "नाव काढून टाका, सिद्रामप्पा. एका नावापायी बाकीचे सगळे जातील." बोललो आणि मला माझाच राग आला. खरं बोलल्यावर इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

सिद्रामप्पांनी यादी आपल्यापुढे ओढली. अकरा वर्षं जिच्यासाठी पत्रं टाकली, तिचं नाव पहिल्यांदाच नक्की वाचलं जाणार होतं, आणि नेमकं तेच खोडायचं होतं. मग त्यांनी फळीवरचा बिब्बा घेतला. कपड्यांवर निशाणी घालायचा बिब्बा, त्याची खूण कपडा फाटेपर्यंत जात नाही. काडी बुडवून त्यांनी कमळव्वांच्या नावावर एक सरळ रेघ ओढली आणि त्यावर फुंकर घातली. म्हणाले, "पोस्टात म्या सोता जातो." गेलेही एकटेच.

सिद्रामप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझी बदली झाल्यावर त्यांची पोस्टकार्डं येत राहिली, मग नरसव्वाच्या मुलाने लिहिलेलं एक आलं आणि तेच शेवटचं. झोपेत गेले म्हणे. पण मला ते दिसतात ते स्पर्धेच्या त्या शेवटच्या संध्याकाळी. लाँड्रीसमोर सतरंज्या अंथरलेल्या. यादीतला प्रत्येक माणूस कडक कपडे घालून आलेला, बापूसाहेबांची आई खुर्चीवर, बापूसाहेब तिच्या मागे उभे. दोनच पावलांवर वकीलसाहेब. यल्लप्पाने लक्ष्मीलाही झूल घालून आणलं होतं. रेडिओ दारात ठेवलेला.

सात नंबरला स्पर्धेतून काढलं नव्हतं. ते चौथं आलं. खालल्या देशानेही रुसवा सोडून शेवटी गाणं गायलं होतं, ते नववं आलं, त्यावर वकीलसाहेबांच्या माणसांनी फटाका लावला आणि नरसव्वाने त्यांना दटावून गप्प केलं. मग बाई म्हणाली, "अब हम सोलापुर के श्रोताओं के नाम पढ़ेंगे." मी सिद्रामप्पांकडे बघत होतो. कमळव्वा गेल्यावर यादीत पहिलं नाव त्यांचंच येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांचं नाव लागणार होतं.

"श्री यल्लप्पा," बाई म्हणाली. "श्रीमती लक्ष्मी."

यल्लप्पाने म्हशीच्या गळ्यात मिठी मारली. हसण्याचा असा गदारोळ उठला की पुढची दोन नावं कुणाला ऐकू आली नाहीत. मी मात्र हसलो नाही. बाई वाचत गेली. प्रत्येक नावाला कुणीतरी "हां!" म्हणून उठायचं, शेजारचे पाठीवर थाप द्यायचे. बापूसाहेबांच्या आईचं नाव आलं तेव्हा बापूसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. नरसव्वाचं आलं तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला. बाईने एकही नाव गाळलं नाही, 'सभी साथी' म्हटलं नाही. कार्यक्रमाचा सगळा उरलेला वेळ तिने आम्हाला दिला. तीनशे दहा नावं झाली, ती "नमस्कार" म्हणाली, आणि सिद्रामप्पांनी तिला हात जोडले. त्यांचं नाव आलंच नव्हतं.

लोक पांगेपर्यंत मी थांबलो. सतरंजीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी धरली. मी विचारलं, "तुमचं नाव कुठे गेलं?"

"पोस्टात खोडलं. बिब्बा घिऊनच ग्येलो हुतो."

"अहो, पण का? तुम्ही हयात आहात, गाणं ऐकलंय, सही केली होती!" मी जवळजवळ ओरडलोच. मला रडू येत होतं आणि ते मला लपवायचं नव्हतं.

सिद्रामप्पांनी सतरंजीची घडी केली, वर हात फिरवून ती सपाट केली.

"समद्यांचीच नावं लागली आसती गुर्जी, तर आयकायचं कुनी?" ते म्हणाले. "दोगं तरी आयकायला पायजेत की."